सोन्याचे नॅनोकण घातले की पाण्यातून हायड्रोजन खरंच वाढतो का?

प्रश्न असा आहे. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी सोनं आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा ‘प्लाझ्मॉनिक’ (धातूच्या कणांच्या मदतीने प्रकाश पकडणारा) उत्प्रेरक घ्यायचा आहे. तिने वाचलेल्या पेपरांत कुठे हायड्रोजन पाचपट वाढलेला दिसतो, कुठे चाळीसपट. धातूचे कण नेमकं काय करतात, हे आकडे कितपत धरून चालायचे आणि यातून कधी कामाचा हायड्रोजन निघणार आहे का, हे तिला जाणून घ्यायचं आहे.

आधी उत्तर देतो, मग खुलासा. हो, वाढतो. पण पेपरच्या शीर्षकात जे कारण लिहिलेलं असतं, त्याच कारणाने वाढला असेल याची खात्री बहुतेक वेळा देता येत नाही. धातूचा नॅनोकण प्रकाश गोळा करण्यात पटाईत असतो. गोळा केलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या रूपात दुसऱ्याच्या हवाली करण्यात मात्र तो फार कच्चा. या क्षेत्रातली बरीचशी भांडणं इथूनच सुरू होतात आणि जे चांगलं काम झालंय तेही ही अडचण ओळखूनच झालंय.

मुळात सोनं हवं कशाला? १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडच्या (पुढे नुसतं टायटॅनिया म्हणतो) इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होतं. पदार्थ स्वस्त, बिनविषारी, पाण्यात न गंजणारा. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. दोष एकच, पण मुळावर येणारा. ॲनाटेज प्रकाराचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश तो शोषतच नाही. सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. प्रत्येक फोटॉन सार्थकी लावला तरी सूर्यप्रकाशापासून हायड्रोजनपर्यंतची एकूण कार्यक्षमता सव्वा टक्क्याच्या पुढे फारशी जात नाही. दृश्य प्रकाश वापरायचा तर तो शोषणारं काहीतरी शेजारी बसवावं लागतं, आणि तिथे सोनं-चांदी येतात.

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असला की प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रासोबत हे सगळे इलेक्ट्रॉन एकदमच मागेपुढे झुलतात. एका ठराविक वारंवारतेला हे झुलणं शिगेला पोचतं, त्यालाच पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. पाण्यातल्या २० नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोल कणासाठी हे ५२० नॅनोमीटरच्या आसपास घडतं, चांदीसाठी ४०० च्या आसपास. कणाला लांबट, दांड्यासारखा आकार दिला की सोन्याचं शोषण अवरक्तापर्यंत सरकवता येतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याची माणकासारखी लाल द्रावणं बनवली आणि गुस्ताव मी याने १९०८ मध्ये त्या रंगाचं गणित मांडलं. तेव्हा यातलं भौतिकशास्त्र जुनं आहे, नवा आहे तो त्याचा रसायनशास्त्रातला वापर. असा एक कण रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा हजारो पट जास्त प्रकाश शोषतो, हे वाक्य तुम्हाला प्रत्येक प्रस्तावनेत सापडेल. त्या एका कणात सोन्याचे जवळपास अडीच लाख अणू असतात, हे मात्र लिहायचं सहसा राहून जातं.

हे सगळं प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतं, आणि तिथे नजर बसली की अर्धं काम होतं. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवून त्यात सोडियम सायट्रेट घाला. पिवळा रंग आधी पूर्ण जातो, द्रावण पाण्यासारखं होतं. मग मळकट निळसर-करडी झाक येते, ती जांभळी होते आणि काही मिनिटांत वाइनसारखा स्वच्छ लाल रंग स्थिरावतो. काचेची भांडी अम्लराजाने (तीव्र नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेली नसतील तर हा लाल रंग कधी स्वच्छ येत नाही. थेट टायटॅनियाच्या भुकटीवर सोनं बसवलं, तर वाळवल्यावर ती पिवळट दिसते आणि ३०० अंशांच्या आसपास भाजल्यावर जांभळी होऊन बाहेर येते. लाल नाही, जांभळी, कारण टायटॅनियाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा खूप जास्त असल्यामुळे अनुनाद ५४० ते ५६० नॅनोमीटरकडे सरकतो. भुकटी निळी-करडी निघाली तर कण एकमेकांना चिकटून मोठे झालेत असं समजा. बहुतेक वेळा धुताना क्लोराइड मागे राहिलेलं असतं. भाजताना ते सोन्याचे कण एकत्र आणतं. त्यामुळे भाजण्याआधी गाळून निघालेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पांढरं गढूळ होतंय का बघायचं. होत असेल तर पुन्हा धुवायचं.

आता मुख्य मुद्दा. ही जांभळी भुकटी हायड्रोजन जास्त देते तेव्हा त्यामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात.

पहिल्या कारणाचा प्लाझ्मॉनशी काहीएक संबंध नाही. अतिनील प्रकाशात टायटॅनियात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) तयार होतात आणि उसंत मिळाली की पुन्हा एकमेकांना भेटून विझतात. वर धातूचा कण बसलेला असला की इलेक्ट्रॉन त्यात अडकतो, होलपासून दूर राहतो आणि तिथे हायड्रोजन सुटतो. प्लॅटिनम हे काम सोन्यापेक्षा कितीतरी चांगलं करतं, आणि प्लॅटिनमचा अनुनाद दृश्य प्रकाशात जाणवण्याइतका नसतो. म्हणजे दिव्यात अतिनील अंश असेल आणि तुलना नुसत्या, बिनधातूच्या टायटॅनियाशी केलेली असेल, तर वाढीचा मोठा हिस्सा या साध्या सहउत्प्रेरकाच्या कामाचा असतो. झेनॉन दिव्यासमोर फिल्टर न लावता मोजलेले बरेच ‘प्लाझ्मॉनिक’ आकडे या जातीचे आहेत.

दुसरं कारण म्हणजे ज्यासाठी हा विषय गाजला ते, तापलेले इलेक्ट्रॉन. प्लाझ्मॉनचं झुलणं काही ते काही दहा फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) मोडतं आणि त्याची ऊर्जा एखाद्या इलेक्ट्रॉनला मिळते. तो इलेक्ट्रॉन पुढच्या काहीशे फेम्टोसेकंदांत इतर इलेक्ट्रॉनांना धडकून आपली ऊर्जा वाटून टाकतो आणि काही पिकोसेकंदांत ती कणाच्या जाळीत उष्णता म्हणून उतरते. पळायचं असेल तर त्याला त्या पहिल्या काही क्षणांतच पळावं लागतं. सोनं आणि टायटॅनिया जिथे भेटतात तिथे साधारण १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा शॉटकी अडथळा (धातू आणि अर्धवाहकाच्या सीमेवरचा ऊर्जेचा उंबरठा) असतो, तो ओलांडला की इलेक्ट्रॉन टायटॅनियात. २००५ मध्ये तियान आणि तात्सुमा यांनी सोनं-टायटॅनियासाठी हे चित्र मांडलं. फुरुबे यांच्या गटाने २००७ मध्ये अतिवेगवान लेसरने पाहिलं तेव्हा हा प्रवास २४० फेम्टोसेकंदांच्या आत होत असल्याचं दिसलं. तेव्हा इलेक्ट्रॉन जातो, याबद्दल वाद नाही.

किती जातात, ही खरी अडचण. कागद-पेन घेऊन साधा हिशेब करा. फाउलरच्या सूत्रानुसार अडथळा ओलांडू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण म्हणजे फोटॉनच्या ऊर्जेतून अडथळा वजा करून त्याचा वर्ग, भागिले फर्मी ऊर्जा (धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांची उंची) आणि फोटॉन ऊर्जा यांच्या गुणाकाराची चौपट. ५२० नॅनोमीटरचा फोटॉन २.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, सोन्याची फर्मी ऊर्जा ५.५, अडथळा १. उत्तर येतं साडेतीन टक्के. ७०० नॅनोमीटरला तेच दीड टक्क्यावर येतं. त्यातूनही आत गेलेले बरेचसे इलेक्ट्रॉन सोन्यात परत येतात. शिवाय सोन्याची स्वतःची एक खोड आहे. ५२० नॅनोमीटरच्या जवळपासच त्याच्या डी-पट्ट्यातले (खोलवरच्या पातळ्यांतले) इलेक्ट्रॉनही वर उचलले जाऊ लागतात. तसं झालं की मागे राहिलेला होल जोमदार असतो, पण इलेक्ट्रॉन फर्मी पातळीच्या जरासाच वर, म्हणजे अडथळा चढायला निरुपयोगी. एका फोटॉनच्या ऊर्जेची वाटणी दोघांत व्हायची असते आणि ती दोघांनाही पुरेल अशी क्वचितच होते.

एवढं करून टायटॅनियात पोचलेला इलेक्ट्रॉन ॲनाटेजच्या वहनपट्ट्याच्या (इलेक्ट्रॉन मोकळे फिरू शकतात त्या ऊर्जापातळ्यांच्या) तळाशी येऊन बसतो. हायड्रोजन सुटण्याच्या पातळीपेक्षा तो तळ जेमतेम एक-दोन दशांश व्होल्ट वर आहे, आणि टायटॅनियाचा उघडा पृष्ठभाग हायड्रोजन सोडण्यात मंद असतो. म्हणून दृश्य प्रकाशात काम करायचं तर टायटॅनियावर प्लॅटिनमही लागतं. इथे एक गुंता आहे जो आकृत्यांमध्ये दिसत नाही. अतिनील प्रकाशात इलेक्ट्रॉन टायटॅनियाकडून सोन्याकडे जातो, हिरव्या प्रकाशात सोन्याकडून टायटॅनियाकडे. उन्हात दोन्ही प्रकाश एकत्र असतात. म्हणजे एकाच कणावर दोन उलट प्रवाह, आणि काही सॅम्पलमध्ये ते एकमेकांची मेहनत खाऊन टाकतात. नुसत्या गाळलेल्या दृश्य प्रकाशात केलेला प्रयोग उन्हातल्या कामगिरीबद्दल म्हणूनच फार काही सांगत नाही.

राहिला सोन्यात उरलेला होल. त्याने पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून ऑक्सिजन करायचा. एका ऑक्सिजन रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन लागतात आणि पाण्याच्या विघटनातली संथ पायरी हीच. बहुतेक प्रकल्पांत ही अडचण मिथेनॉल, लॅक्टिक आम्ल किंवा ट्रायइथेनॉलअमाइन घालून बाजूला सारली जाते. होल त्यांना खातो, हायड्रोजन जोरात येतो. करू नका असं मी म्हणत नाही, मीही करतो. पण मग त्याला पाण्याचं विघटन म्हणू नका. एक मोल पाणी फोडायला २३७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा लागते. मिथेनॉल आणि पाण्यापासून हायड्रोजन काढायला मिथेनॉलच्या एका मोलमागे दहाच्याही आत, आणि त्यात हायड्रोजन तीन मोल मिळतो. जवळजवळ सपाटीवरून चालणं आहे ते. शिवाय त्या हायड्रोजनचा बराचसा भाग मिथेनॉलमधूनच आलेला असतो.

कोणतंही बलिदानी (मिथेनॉलसारखं, होलला खाऊ घालून स्वतः संपणारं) रसायन न घालता, सगळे इलेक्ट्रॉन-होल प्लाझ्मॉनकडूनच घेऊन पाणी फोडता येतं का? येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत मार्टिन मॉस्कोविट्स यांच्या गटाने २०१३ मध्ये ते करून दाखवलं. सोन्याच्या उभ्या नॅनोदांड्यांचं रान, त्यांच्या टोकांवर टायटॅनियाची टोपी, टोपीवर प्लॅटिनम हायड्रोजनसाठी आणि दांड्याच्या बाजूला कोबाल्टचा उत्प्रेरक ऑक्सिजनसाठी. प्रत्येकाला आपापली जागा नेमून दिलेली. रचना म्हणून मला ते आजही अतिशय देखणं काम वाटतं. कार्यक्षमता मात्र तोकडी, आणि कारण वरच्या हिशेबात आहेच. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात हिरोआकी मिसावा यांच्या गटाने २०१८ मध्ये शोषणाचा प्रश्न जवळपास सोडवला. खाली सोन्याचा आरसा, मध्ये टायटॅनियाचा पातळ थर, वर त्यात अर्धवट रुतवलेले सोन्याचे कण. थराची जाडी अशी की प्रकाश आत अडकून कणांच्या अनुनादाशी घट्ट जोडला जातो. दृश्य पट्ट्यातला बहुतेक प्रकाश शोषला गेला आणि विद्युतप्रवाहही चांगलाच वाढला.

तिसरं कारण मला सर्वांत आश्वासक वाटतं, आणि त्यात इलेक्ट्रॉनला धातू सोडून जावंच लागत नाही. अनुनादाच्या वेळी कणाच्या भोवती दहा-वीस नॅनोमीटरच्या परिसरात विद्युतक्षेत्र प्रचंड तीव्र होतं. तिथे एखादा अर्धवाहक असेल आणि तो त्या तरंगलांबीला थोडाफार शोषत असेल, तर त्याचं शोषण वाढतं, इलेक्ट्रॉन-होल त्याच्यातच तयार होतात. टायटॅनियाला याचा विशेष उपयोग नाही, कारण तो हिरवा प्रकाश शोषतच नाही. खरा उपयोग हेमेटाइटला, म्हणजे साध्या लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडला. त्याचा बँड गॅप २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पदार्थ मातीमोल, पण होल दोन-चार नॅनोमीटर चालला की संपतो आणि प्रकाश मात्र शंभर नॅनोमीटरहून खोल जाऊन शोषला जातो. जिथे प्रकाश शोषला जातो तिथून होल पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. सोन्याचा कण पृष्ठभागापाशी ठेवला तर शोषणच पृष्ठभागाकडे ओढून आणता येतं. स्टॅनफर्डमध्ये मार्क ब्रॉन्गर्स्मा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच दाखवलं, आणि कणांवर सिलिकाचा पातळ थर चढवून दाखवलं. सिलिका विद्युतरोधक असल्यामुळे त्यातून इलेक्ट्रॉन जाणं अवघड, क्षेत्र मात्र आरपार जातं. कारणं वेगळी करण्याची इतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

चौथं कारण उष्णता. हे ऐकून लोक नाराज होतात. एका सुट्या कणाचा विचार केला तर भीती फुकाची ठरते. साध्या उन्हात पाण्यातला २० नॅनोमीटरचा सोन्याचा कण आजूबाजूपेक्षा अंशाच्या काही दशलक्षांश भागानेच तापतो, गणित करून बघा. पण भुकटीत असे अब्जावधी कण दाटीने बसलेले असतात आणि सगळ्यांची मिळून उष्णता अख्ख्या थराला काही दहा अंशांनी सहज तापवते. अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो, त्यामुळे तापमान थोडं चुकीचं मोजलं तरी निष्कर्ष पार उलटू शकतो.

यावरून मोठी खडाजंगी झाली आहे. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठातल्या नाओमी हालास आणि पीटर नॉर्डलँडर यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये तांबं-रुथेनियमच्या कणांवर अमोनियाचं विघटन दाखवलं आणि तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटा उष्णतेपासून वेगळा काढल्याचं मांडलं. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या योनातन सिवान आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला की तापमान नीट मोजलं तर हे सगळं उष्णतेनेच समजावता येतं. मूळ गटाने उत्तर दिलं. माझं मत विचाराल तर दोन्ही परिणाम खरे आहेत, त्यांचा वाटा सॅम्पलगणिक बदलतो, आणि सिवान यांच्या टीकेने सगळ्या क्षेत्राची मोजमापाची शिस्त सुधारली. आता कोणताही बरा परीक्षक पहिल्यांदा विचारतो की थर्मामीटर कुठे ठेवला होता.

आणि उष्णता असेल तर त्यात वाईट काय? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने २०१९ मध्ये तंतुमय सिलिकावर सोन्याचे कण इतके जवळजवळ बसवले की त्यांचे अनुनाद एकमेकांत मिसळून भुकटी चक्क काळी झाली. हे ‘काळं सोनं’ दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश शोषतं, आणि त्यांनी उन्हाच्या उष्णतेने समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठीही ते वापरून दाखवलं. मिशिगनमध्ये झेतियान मी यांच्या गटाने २०२३ मध्ये एकवटलेल्या सूर्यप्रकाशात इंडियम गॅलियम नायट्राइड वापरून ९.२ टक्के कार्यक्षमता गाठली, बाहेर खऱ्या उन्हात ६.२. त्यात प्लाझ्मॉन नाही. पण अवरक्ताने पाणी ७० अंशांपर्यंत तापू दिलं आणि त्यामुळे हायड्रोजन-ऑक्सिजन पुन्हा एकत्र येण्याला आळा बसला, हा त्या यशाचा मोठा भाग होता.

आता पाचपट-चाळीसपटचं काय. शंभरपैकी दोन गुण मिळवणाऱ्या पोराने पुढच्या परीक्षेत वीस मिळवले तर प्रगती दहापट, पण निकाल नापासच. दृश्य प्रकाशात नुसत्या टायटॅनियाचा हायड्रोजन शून्याच्या जवळ असतो. शून्याच्या जवळच्या आकड्याने भागलं तर हवी तेवढी वाढ दाखवता येते. ‘ताशी, दर ग्रॅममागे इतके मायक्रोमोल’ हे एककही असंच फसवं, कारण ते दिव्यावर, भांड्यावर आणि किती भुकटी टाकली त्यावर ठरतं. भुकटी कमी टाकली की दर ग्रॅमचा आकडा आपोआप फुगतो. पेपर हातात आला की मी आधी तरंगलांबीगणिक क्वांटम कार्यक्षमता (दर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन कामी आले) शोधतो आणि तिचा आलेख शोषणाच्या आलेखावर बसतो का ते पाहतो. ५५० नॅनोमीटरला शोषणाचा उंचवटा आहे आणि हायड्रोजनचा आलेख तिथे सपाट आहे, तर प्लाझ्मॉनने काही केलेलं नाही. दुसरं म्हणजे तुलना प्लॅटिनम बसवलेल्या टायटॅनियाशी आहे का. तिसरं, अंधारात तेवढ्याच तापमानाला काय झालं. बलिदानी रसायन नसेल तर ऑक्सिजन दोनास एक प्रमाणात मोजलाय का, तेही बघतो. या चाळणीतून उरणारे पेपर थोडे असतात आणि वाचायला तेच मजेचे. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सोनं-चांदीचे मिश्र कण टायटॅनियावर बसवून शोषणाचा पट्टा रुंदावण्याचं काम झालं आहे, तेही वाचून ठेवा.

कामाचा हायड्रोजन निघणार का, याला आकड्यांनी उत्तर देतो. सोलापूरच्या गच्चीवर एका चौरस मीटरला दिवसाला सरासरी ५ युनिट ऊन मिळतं असं धरू. एक टक्का कार्यक्षमतेला त्यातून दीड ग्रॅम हायड्रोजन मिळेल. त्याच जागेवर २० टक्क्यांचं सोलर पॅनेल ठेवलं आणि वीज इलेक्ट्रोलायझरला दिली, तर किलोमागे ५० ते ५५ युनिट धरून आणि मधली गळती वजा करून पंधरा-सोळा ग्रॅम मिळतील. दहापट फरक आहे, आणि तो आज बाजारात मिळणाऱ्या यंत्रांनी. सरकारच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय, त्यात जो हायड्रोजन येईल तो मुख्यतः इलेक्ट्रोलायझरमधूनच येईल. मजा म्हणजे सोन्याची किंमत ही यातली मोठी अडचण नाही. चौरस मीटरला १० ग्रॅम भुकटी आणि त्यात एक टक्का सोनं धरलं तर दहावा भाग ग्रॅम होतं. घोडं अडतं ते कार्यक्षमतेपाशी.

भुकटीचे पॅनेल अजिबात चालत नाहीत असंही नाही. काझुनारी डोमेन यांच्या गटाने जपानमध्ये १०० चौरस मीटरचं पॅनेल बसवून महिनोन्‌महिने चालवलं आणि २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण पटलाने वेगळं केलं, सर्वाधिक कार्यक्षमता ०.७६ टक्के. उत्प्रेरक होता ॲल्युमिनियम घातलेला स्ट्रॉन्शियम टायटनेट, जो फक्त अतिनील प्रकाश घेतो. त्यातच आदल्या वर्षी त्यांनी ३५० ते ३६० नॅनोमीटरला ९६ टक्के बाह्य क्वांटम कार्यक्षमता दाखवली होती. स्फटिकाच्या एका पृष्ठावर ऱ्होडियम-क्रोमियम, दुसऱ्यावर कोबाल्ट, त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल जन्मतःच वेगवेगळ्या दिशांना जातात. प्रकाश घेतो थोडाच, पण घेतलेला वाया घालवत नाही. प्लाझ्मॉनिक धातूचं नेमकं उलट आहे, आणि या दोन टोकांना जोडणारं काम अजून कोणी नीट केलेलं नाही.

धातू एकटा कुठे जिंकेल असं विचाराल तर माझा पैसा पाण्यापेक्षा अमोनियावर आहे. हालास यांच्याच गटाने २०२२ मध्ये महागड्या रुथेनियमऐवजी लोखंड वापरून, तांबं-लोखंडाच्या कणांवर एलईडीच्या प्रकाशात अमोनियातून हायड्रोजन काढला आणि तो रुथेनियमच्या तोडीचा निघाला. तांब्याचा कण प्रकाश पकडतो, त्याच्या अंगावर बसलेले लोखंडाचे अणू रसायन करतात. इथे इलेक्ट्रॉनला कोणताही अडथळा ओलांडून लांब जायचं नाही, ऑक्सिजनची चार इलेक्ट्रॉनांची पायरी नाही, आणि उष्णता झाली तरी ती कामालाच येते. ह्यूस्टनमधली सिझिजी प्लाझ्मॉनिक्स ही कंपनी याच संशोधनातून उभी राहिली.

इतर धातूंबद्दल थोडक्यात. चांदीचा अनुनाद सोन्याहून तीक्ष्ण, पण पाण्यात आणि प्रकाशात ती ऑक्सिडाइज होऊन विरघळते, तांब्याचंही तेच. ॲल्युमिनियम स्वस्त, स्वतःवर ऑक्साइडचं कवच चढवून घेतं, पण गोल कणांचा अनुनाद अतिनीलकडे. टायटॅनियम नायट्राइड धातू नसूनही धातूसारखं वागतं, तापमानाला दाद देत नाही आणि टायटॅनियाशी त्याचा अडथळाही कमी. त्यावर काम करणारे कमी आहेत, त्यामुळे पुढे पीएच.डी. करणार असाल तर लक्षात ठेवा.

तुमच्या प्रकल्पाबद्दल. नवा उत्प्रेरक ‘शोधायच्या’ भानगडीत पडू नका, सहा महिन्यांत ते होत नाही. एकच प्रश्न घ्या: आपल्या सॅम्पलमध्ये चारपैकी कोणतं कारण काम करतंय? तीन भुकट्या पुरतात. सोनं थेट टायटॅनियावर. सोन्यावर सिलिकाचा पाच-दहा नॅनोमीटरचा थर देऊन मग टायटॅनियावर. आणि नुसतं प्लॅटिनम टायटॅनियावर. तिन्हींना ३६५ आणि ५२५ नॅनोमीटरच्या एलईडीखाली आधी वेगवेगळं, मग एकत्र ठेवून हायड्रोजन मोजा. झेनॉन दिवा नाही म्हणून खंत नको, या प्रश्नासाठी एलईडी जास्त चांगला. सिलिका घातल्यावर ५२५ चा हायड्रोजन गेला तर तापलेल्या इलेक्ट्रॉनकडे बोट जातं. तितकाच राहिला तर उष्णतेवर संशय घ्या. दोन्ही दिवे एकत्र लावल्यावर बेरीज आली की कमी, हे तर फार थोड्यांनी नीट पाहिलंय.

जीसीमध्ये (वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) वाहक वायू आरगॉन ठेवा. हेलियमवर टीसीडीला (उष्णतावाहकतेवर चालणाऱ्या त्यातल्या शोधकाला) हायड्रोजनचं शिखर नीट दिसत नाही, दोघांची उष्णतावाहकता फार जवळची आहे. नायट्रोजनचं शिखर दिसलं तर सेप्टम (भांड्याचं रबरी बूच) गळतोय, त्या दिवशीच्या ऑक्सिजनच्या आकड्याला अर्थ नाही. थर्मोकपल भांड्याच्या बाहेर न चिकटवता द्रावणात बुडवा, आणि तोही थेट प्रकाशात नको, नाहीतर तो स्वतःच तापतो. फोटॉन मोजायला ३६५ नॅनोमीटरला फेरीऑक्झॅलेट ॲक्टिनोमीटर उत्तम. ५२५ ला तो चालत नाही, तिथे ऑप्टिकल पॉवर मीटरच लागेल. तुमच्या विभागात नसला तर भौतिकशास्त्रवाल्यांच्या लेसर लॅबमध्ये बहुधा सापडेल, मागून आणा. पण आणण्याआधी तो त्या तरंगलांबीला कॅलिब्रेट केलेला आहे का ते विचारा.